चौकशीबाईची डबी

“या वेळी झाकणाच्या आतूनसुद्धा?” कारागिराने डबी खिडकीच्या उजेडात धरली. “बाई, तुमच्या घरात राहतंय तरी कोण? कोळसेवाला?”

“मी एकटीच. आणि मी रोज आंघोळ करते.”

तो हसला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने डबी अगदी डोळ्याजवळ नेली. चांदी काळवंडते ती आधी कोपऱ्यांत, नक्षीच्या खाचांत, जिथे हात पोचत नाही तिथे. ही डबी सगळीकडून सारखी काळी होती.

“हवा फार शिस्तीची दिसते तुमच्याकडची,” तो म्हणाला.

“घरामागून नाला जातो ना. त्याच्या वाफा.”

“असेल, असेल.”

ती जन्मभर स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसलेली. ओळखीचे अजून तिला चौकशीबाईच म्हणत. गाडी कधी येणार, किती उशीर, का उशीर, हे सगळं जग तिलाच विचारत असे. ती निवृत्त झाली आणि जगाला बहुधा सगळं कळून चुकलं, कारण त्यानंतर कोणी काही विचारेना. मुलगा रविवारी फोन करून “बरी आहेस ना?” म्हणायचा आणि तिने तोंड उघडायच्या आत “बरं, ठेवतो” म्हणायचा.

घरात चांदीची म्हणून ही एवढीच वस्तू उरली होती. बाकी सगळं सुनेला देऊन झालं होतं. महिन्यातून एकदा ती बरे कपडे घालायची, डबी रुमालात गुंडाळायची आणि या दुकानाची पायरी चढायची.

कारागीर तिची डबी मशीनवर घेत नसे. कोमट साबणाचं पाणी, केसांचा मऊ ब्रश, मग पुसून लाकडाच्या बारीक भुशात लोळवणं, म्हणजे खाचांत ओल राहत नाही. शेवटी फडकं. हे सगळं बोलत बोलत. घाई दोघांनाही नसायची.

“शेजारणीची मांजर? आली का परत?”

“आली. पोट घेऊन आली.”

“अरे वा! म्हणजे माहेरपणाला आली म्हणा.”

मागच्या महिन्यात सांगितलेलं त्याच्या लक्षात असायचं. तेवढ्यावर तिचा पुढचा महिना निघायचा.

आज गल्ल्यावरून कारागिराची सूनबाई बोलली. “काकू, दर महिन्याला कशाला हेलपाटा घालता? रोडियमचा मुलामा देऊन टाकू. मग नाल्यात बुडवून ठेवलीत तरी काळी पडायची नाही.”

“नको गं. जुनी वस्तू आहे.”

“मग टिकवायला नको का? आणि बाबांची बोटं बघा जरा. डॉक्टर म्हणालेत, हातकाम बंद करा. बाकी सगळी गिऱ्हाइकं मशीनवर गेली. तुमच्या एका डबीपायी त्यांची अख्खी दुपार जाते. रात्री कण्हत बसतात ते वेगळंच.”

चौकशीबाईने बोटं पाहिली. सांधे सुजून लाल झाले होते. इतके महिने समोर बसून बोलली, पण तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

कारागीर नको म्हणेल, म्हणून ती थांबली. त्याने डबी या हातातून त्या हातात घेतली.

“सूनबाई म्हणते ते खरं आहे,” तो म्हणाला. “देतो मुलामा.”

“द्या मग.” तिने खिडकीवरचा आवाज काढला. गाडी रद्द झाली आहे, हे सांगतानाचा.

तो डबी घेऊन पडद्यामागे गेला. आत मशीन घुरघुरायला लागलं. सूनबाईने पाणी आणून दिलं. मुलगी मनाने वाईट नव्हती. तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

डबी बाहेर आली ती नुसती लखलखत.

“झालं. सुटलात काकू!” सूनबाई म्हणाली. “इकडून कधी गेलात तर मात्र या हं. सहज.”

“येईन की.”

पण सहज जाणं तिला कधी जमलंच नव्हतं. काही काम नसताना कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, तर बोलायचं काय आणि उठायचं कधी? तिच्या खिडकीशीसुद्धा सहज म्हणून कोणी आलं नव्हतं.

कारागीर फडक्याची घडी घालत होता. घडी झाली, तरी घालतच होता.

मांजरीने जिन्याखाली पिल्लं घातली. एक पूर्ण पांढरं आणि भलतंच आगाऊ. चौकशीबाई मनातल्या मनात त्याची हकिगत रचत गेली, आणि मग आठवलं की ती सांगायची कोणाला. टेबलावरच्या डबीत तिला स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसायचा. दुसऱ्या कोणाचा दिसायचा प्रश्नच नव्हता.

एकदा ती दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेलीही. तिथे ती सुजलेली बोटं आठवली आणि ती परत फिरली.

महिना उलटला. त्या सकाळी तिने दोन अंडी उकडली, कुस्करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली, मधोमध चांदीची डबी उघडी करून ठेवली आणि वरून घट्ट झाकण लावलं. दर महिन्याला लावायची, तसंच. अंड्यांच्या वाफेने चांदी काळी पडते, पण मुलाम्यापुढे तिचं काही चालत नाही, हे तिला माहीत होतं. पण आजचा दिवस दुसऱ्या कशात घालवायचा, ते काही तिला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी अंडी फेकून द्यायची म्हणून तिने झाकण काढलं. डबी आतून-बाहेरून काळीकुट्ट झाली होती.