कुलूप लागण्याआधी

ड्रॉवरला कुलूप लागायच्या आत त्याने ताईला फोन लावला.

"ताई, बाबांचं ऑपरेशन आजच होईल का, विचारशील?"

"परवा ठरलंय ना? आज मध्येच काय?"

"उगाच. आज झालं तर बरं."

"तुझा आवाज का असा येतोय रे?"

"काही नाही गं. बाई आल्या, ठेवतो."

ताईची बँक सरकारी रुग्णालयाच्या समोरच होती. जेवणाच्या सुट्टीत ती डॉक्टरांना गाठील, एवढाच त्याचा विचार. घरात त्याच्या भित्रेपणाची सगळे टिंगल करत; एकट्या ताईने त्याची भीती कधी हसण्यावारी नेली नव्हती. लहानपणी तो अंधारात दचकला की ती आधी दिवा लावी आणि मग विचारी, काय झालं.

सरकारच्या कर्जविभागाच्या प्रमुख असलेल्या बाईंनी सर्वांचे फोन ड्रॉवरमध्ये ठेवले आणि किल्ली मुठीत धरली. लिलावाच्या दिवशी या खोलीतला शब्द बाहेर जायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता.

उद्या एका जुन्या कर्जाची मुदत संपत होती. तिजोरीत तेवढे पैसे नव्हते, कधीच नसत. नवे रोखे बँकांना विकायचे आणि त्यातून जुने देणे भागवायचे, असेच वर्षानुवर्षे चालत आले होते. पण गेल्या लिलावात बोल्या जेमतेम पुरल्या होत्या, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. आज रोखे पडून राहिले, तर उद्या तिजोरी कोरडी. मग परवा रुग्णालयात भुलीचे औषधही पोचणार नव्हते; पुरवठादाराने उधारी कधीच बंद केली होती.

बोल्या दाखवणारा संगणकाचा पडदा रिकामा होता.

"अजून एकही बोली नाही," तो पुटपुटला.

"अहो धाकटे, पंगत वाढल्याशिवाय पाहुणे येतात का कधी?" पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. अखंड बोलणाऱ्या या सहकाऱ्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. "ती मोठी बँक आली की बाकीच्या मागे रांग लावतात. दरवेळचं आहे."

"तुम्ही जरा बंद व्हाल का?" बाई म्हणाल्या. रेडिओ बंद झाला, आणि मग खोलीत घड्याळाशिवाय काहीच उरले नाही.

खिडकीबाहेर रस्ता नेहमीसारखा वाहत होता. उद्या काय होऊ शकते हे त्या माणसांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते, आणि त्याला त्यांच्या अज्ञानाचा विलक्षण हेवा वाटला. पांढऱ्या चादरीवरचे बाबांचे बारीक झालेले मनगट त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

बोली लावायची मुदत संपत आली. रेडिओने खुर्ची पुढे ओढली. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

दोन किरकोळ बोल्या आल्या. मग पडदा आपोआप बंद झाला.

"मोठी बँक आलीच नाही," रेडिओ म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच बारीक झाला होता. "काल संध्याकाळी तर त्यांची तयारी होती."

"म्हणजे आज सकाळी काहीतरी कळलं त्यांना." बाईंची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत रेडिओवर थांबली. "आकडा फुटला तर सावरता येतं हो. भीती फुटली की संपलं."

"माझ्याकडे काय बघता? मी बडबडतो, पण फितूर नाही!"

धाकट्यालाही वाटले, हाच असणार. सकाळी व्हरांड्यात तो कुणाशी एवढा हसत होता? आयुष्यात प्रथमच त्याला कुणाची तरी गचांडी धरावीशी वाटली.

बाईंनी ड्रॉवर उघडला. धाकटा आपला फोन घेऊन जिन्यात धावला.

"ताई, डॉक्टर काय म्हणाले?"

"आज जमणार नाही म्हणाले, परवाच. पण ते राहू दे." ताईचा आवाज मायेने भरून आला होता. "सकाळी तुझा आवाज ऐकला आणि मी तशीच आमच्या साहेबांकडे गेले. म्हटलं, माझा भाऊ उगाच घाबरत नाही. त्यांनी बोली थांबवली, मग बाकीच्या बँकांनीही हात आखडले. आमची बँक वाचली रे, केवळ तुझ्यामुळे."