चकाचक नळी

रायफलचा बोल्ट काढून आर्डिथने नळीतून उजेडाकडे पाहिलं. नळी लख्ख होती. आठ महिने जपलेला मेणाचा थर कुणीतरी खरवडून काढला होता. कणभरही उरला नव्हता.

तिने मागे वळून पाहिलं. घडीच्या खुर्चीत तिचा नवरा मर्ल थर्मासमधली कॉफी पीत बसला होता. त्याने ऐटीत अंगठा वर केला.

"काल तू बाजारात गेलीस ना, तेव्हा घासली!" तो ओरडला. "चांगली दोन तास! म्हटलं, आज आपल्या बाईचा मोठा दिवस, रायफल कशी नवीकोरी दिसायला हवी."

दुकानातल्या तांब्याच्या कवचाच्या गोळ्या असत्या तर मर्लच्या या मेहनतीचं सोनं झालं असतं. पण आर्डिथच्या गोळ्या घरच्या होत्या. टायरवाल्याकडून आणलेली चाकांची जुनी शिशाची वजनं वितळवून तिने त्या साच्यात ओतल्या होत्या, वरून मेण चोळलं होतं. अशा शिशाच्या गोळीला कोरडी नळी सोसत नाही. आधी काही गोळ्या झाडून त्यांचं मेण नळीभर माखावं लागतं, तोवर गोळ्या वाट्टेल तिकडे भरकटतात. मोन्टानातल्या या माळावर जमलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, एक मर्ल सोडून. चाळीस वर्षं ट्रकची इंजिनं धुतलेला माणूस तो. घाण दिसली की त्याचे हात शिवशिवायचे.

"आर्डिथ, सुरू करायचं का?" क्लबचा सेक्रेटरी ऑर्व्हल घड्याळ घेऊन उभा होता. "दहा मिनिटं आहेत तुझी."

छोट्या रायफलींचा, घरी ओतलेल्या गोळ्यांचा गट बंद करा, असा घोशा ऑर्व्हलनेच लावला होता. या माशीएवढ्या गोळ्यांचा नेम लागत नाही, उगाच सगळ्यांचा वेळ जातो, असं त्याचं म्हणणं. शेवटी समितीने अट घातली होती. शंभर यार्डांवर लावलेल्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या आणि पाचही भोकं बियरच्या बाटलीच्या एका बुचाखाली झाकली गेली पाहिजेत. कुणा एकाला जरी जमलं तरी गट राहील. नाहीतर आजपासून बंद. चौघांचं हुकलं होतं. आर्डिथ शेवटची होती.

थोडी मुदत मागता आली असती. पण मग कारण सांगावं लागलं असतं आणि मर्ल अख्ख्या गावासमोर तोंडघशी पडला असता. आर्डिथने ओठ घट्ट मिटले आणि बोल्ट बसवला.

"सुरू कर," ती म्हणाली.

तिच्यापाशी बारा काडतुसं होती. शंभर गोळ्या ओतून, एकेक तोलून, भिंगाखाली पाहून तिने बारा निवडल्या होत्या आणि उरलेल्या पुन्हा वितळवल्या होत्या. कागदावर पाचच मारायच्या असा नियम होता. कागदामागच्या मातीच्या बांधात हव्या तितक्या. तिने बांधातला एक पांढरा खडा हेरला.

पहिली गोळी हातभर डावीकडे गेली. दुसरी वर. तिसरी कुठे गेली ते कळलंच नाही.

"गांडुळं मारतेयस का गं?" ऑर्व्हलने विचारलं. चारदोन जण फिदीफिदी हसले. मर्ल मात्र हसला नाही. त्याने कप खाली ठेवला.

चौथी. पाचवी जरा जवळ. घाई करायची सोय नव्हती. नळी तापली तर मेण पातळ होऊन सगळंच बिघडलं असतं. सहाव्या गोळीने खड्याचा टवका उडाला. सातवीने खडाच उडाला.

पाच काडतुसं उरली. मिनिटं साडेतीन.

आता आर्डिथने रायफल कागदाकडे वळवली. एक. दोन. तीन. चार. मारलेलं कुठे लागलं ते तिने पाहिलंच नाही. दुर्बिणीला डोळा लावून बसलेला ऑर्व्हल मात्र दर गोळीगणिक पुढे पुढे झुकत होता. पाचवीच्या वेळी वारा उठला, कडेला वाऱ्यासाठी लावलेलं निशाण फडफडू लागलं. ती थांबली.

"चाळीस सेकंद," ऑर्व्हल म्हणाला.

ती थांबली होती ती थांबलीच. मग वारा पडून निशाण खाली लोंबलं आणि तिने चाप ओढला.

कागद आणला. ऑर्व्हलने स्वतःच्या हाताने बूच ठेवलं, सरळ केलं, चहूबाजूंनी वाकून पाहिलं. एकाही भोकाची कड बाहेर दिसत नव्हती. माळावर एकच गिल्ला झाला, टोप्या उडाल्या. हरलेले चौघेही आर्डिथच्या पाठीवर थापा मारत होते.

"पण असं केलंस तरी काय?" एकाने विचारलं.

"तिला काय विचारता, मला विचारा!" मर्ल छाती काढून पुढे आला. "नळी! काल दोन तास घासली मी. ब्रशने, मग औषधाने, मग चिंध्यांनी. आरशासारखी केली होती."

ऑर्व्हलने बांधाकडे पाहिलं, मग आर्डिथकडे. त्या सात गोळ्यांचा अर्थ आत्ता त्याच्या डोक्यात शिरत होता. त्याने काही बोलायला तोंड उघडलं. आर्डिथ त्याच्याकडे रोखून बघत होती.

ऑर्व्हलने हळूच टोपी काढली आणि छातीशी धरली.

"मर्ल," तो म्हणाला, "काम चोख केलंस बाबा."

"मग! पुढच्या वर्षीपण मीच घासणार."

"पुढच्या वर्षी," आर्डिथ म्हणाली, आणि ते दोन शब्द तिला इतके गोड लागले की तिने ते पुन्हा म्हटले, "पुढच्या वर्षी तू माझ्याजवळ बसून गोळ्या ओतायच्या."