फिरतीचा डास

डासावर आळ आला, तर डासाचं काही बिघडणार नव्हतं. लाभ होता तो सासूबाईंचा. मुलगा गेला तो गेलाच. निदान त्याचं नाव तरी धुतल्या तांदळासारखं राहत होतं. आणि म्हातारीजवळ आता दुसरं उरलं होतं काय?

त्याच डासाचा निवाडा आज जिन्यात चालला होता, सासूसुनेच्या पाळणाघराच्या दारात. आतले पाळणे रिकामे. एक तेवढा भरलेला, त्यात डॉक्टरीणबाईंची मुलगी झोपलेली. दाराच्या चौकटीला टेकून सून उभी, तिच्यामागे खुर्चीत सासूबाई. समोर पायऱ्यांवर पालक बसलेले, कठड्यावर वरच्या मजल्यावरच्या काकू रेललेल्या. काकूंचं मूल पाळणाघरात नव्हतं, पण काकूंशिवाय या जिन्यात निवाडा होत नसे.

सासूबाईंचा मुलगा पाण्याचे पंप विकायचा. सदानकदा फिरतीवर. फिरतीवरूनच आजार घेऊन आला आणि बघता बघता गेला. लोकांनी कुजबुजायला तोंड उघडायच्या आत सासूबाईंनीच घरोघर सांगून टाकलं, "त्या लॉजवर डास केवढे! कुणाचं तरी रक्त पिऊन आला मेला आणि माझ्या लेकराला चावला." ऐकणाऱ्यांनी माना हलवल्या. भेटायला अख्खा जिना आला. कुणीतरी त्या डासाचं बारसंही करून टाकलं: फिरतीचा डास.

सुनेला खरं ठाऊक होतं. जाण्यापूर्वी नवऱ्याने तिला सगळं सांगितलं होतं. आजार तर त्याआधीच दिला होता. "आईला कळू देऊ नकोस," एवढंच त्याने मागितलं. मग सुनेनेही डास चालवून घेतला. रोज संध्याकाळी ती सासूबाईंच्या पलंगाला मच्छरदाणी बांधायची, कडा गादीखाली नीट खोचायची. भाबड्या म्हातारीचा तेवढाच विश्वास, तो का मोडायचा?

पण खोट्यालाही पाय फुटतात. सुनेच्या गोळ्यांचा डबा काकूंच्या नजरेला पडला आणि जिना हिशेबाला बसला. डास तिकडून इकडे आजार आणू शकतो, तर सुनेला चावून बाळांना का नाही चावणार? हिशेबात चूक नव्हती. एकेक पाळणा रिकामा झाला.

"डासातून एचआयव्ही होत नाही," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "तो विषाणू डासाच्या पोटात टिकतच नाही, पचून जातो. आणि डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी प्यालेलं रक्त नाही. मलेरिया, डेंग्यू पसरवतो, त्याबद्दल त्याला हव्या तेवढ्या शिव्या द्या. हा गुन्हा त्याचा नाही. आणि वहिनी औषध घेतात, बाळांना सांभाळण्यात काही म्हणता काही धोका नाही. माझी मुलगी बघा, आत घोरतेय."

"ते सगळं ठीक आहे हो." जुळ्यांचा बाप वकिलाकडे कारकून होता, मुद्दा हातचा सोडणारा नव्हता. "मग यांच्या घरात तो आजार आला कसा? डासानेच ना? वहिनी, तुम्हीच सांगा. डासाने होतो की नाही?"

सगळा जिना सुनेकडे बघू लागला. एक 'नाही' म्हटलं की पाळणे भरणार होते. दोघींचं पोट त्या पाळण्यांवरच चालत होतं.

सुनेने वळून मागे पाहिलं. सासूबाई मांडीवर एक झबलं घेऊन बसल्या होत्या. घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

"होतो," सून म्हणाली. "यांना डासच चावला होता."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"बघा! तिच्याच तोंडून," काकू म्हणाल्या. माणसं गुडघ्यांवर हात टेकत उठायला लागली.

"बसा," सासूबाई म्हणाल्या.

सगळे होते तिथे थांबले. म्हातारी खुर्चीतून उठली आणि चौकटीत सुनेच्या पुढे येऊन उभी राहिली.

"डासाला सोडा. तो निर्दोष आहे. माझा मुलगा नव्हता."

"आई, आत चला."

"तू गप गं. भिंतीला कान असतात आणि म्हातारीला नसतात होय? तो तुला सांगत होता तेव्हा मी पलीकडे जागीच होते." मग ती जिन्याकडे वळली. "फिरतीवर तो बायांकडे जायचा. तिथे मच्छरदाणी बांधली असती, तरी काही वाचलं नसतं. आणि हिला काय विचारता? हिने काही केलं नाही. त्याच्याशी लग्न केलं, एवढंच."

काकू निवाडा न देताच वरच्या मजल्यावर निघून गेल्या. जिन्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. आत पाळण्यात डॉक्टरीणबाईंची मुलगी जागी झाली, आणि तिला घ्यायला सून आत पळाली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पाळणे भरले. सगळ्यांच्या आधी जुळी आली. कारकुनाचं समाधान झालं होतं. 'फिरतीचा डास' हे नाव मात्र जिन्याने टाकून दिलं नाही. चांगलं जमलेलं नाव कोण टाकतं? आता ते गेलेल्या मुलाला लागलं. जिन्यात कुणी हसून ते नाव घेतलं की सासूबाई खिडकी लावून घ्यायच्या, आणि सून मुकाट्याने मच्छरदाणी बांधायची.

डास सुटला. सून सुटली. मुलगा पहिल्यांदा गेला, तेव्हा अख्खा जिना म्हातारीला भेटायला आला होता. या खेपेला कुणी आलं नाही.