ट्रकातली गादी

एक गादी. दोन उशा. गुलाबी मच्छरदाणी.

टोकन नंबर एकशे बारा.

तपकिरीची डबी, झाकण सैल.

लहान मुलीची चप्पल. डाव्या पायाची.

लसणाचा वास. लसूण कुणीच आणला नव्हता.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, दिवस मावळताना परतूरच्या रस्त्यावर गारा सुरू झाल्या. एप्रिलातल्या. हरभरा खरेदी केंद्राच्या फाटकापासून ट्रक आणि ट्रॅक्टरांची रांग पार नाल्यापर्यंत गेली होती. माणसं तीन दिवस तिथेच राहत होती. तिथेच चूल, तिथेच आंघोळ, तिथेच भांडण. आता ती ट्रॉल्यांखाली शिरली, टपऱ्यांत शिरली.

कुंभार पिंपळगावच्या वसंताचा ट्रक त्या रांगेत सगळ्यात सुखाचा. हरभऱ्याची पोती सपाट लावलेली, त्यांवर गादी, वर ताडपत्रीचं छप्पर. गादी त्याच्या आईसाठी होती. साळूबाई पंच्याहत्तरीची. सातबारा तिच्या नावावर, त्यामुळे मापाच्या वेळी यंत्रावर अंगठा तिचाच लागणार. ती आजारी पडून गावी गेली तर नंबर गेला. म्हणून वसंता केबिनमध्ये बसल्या बसल्या झोपायचा आणि आईला पाय लांब करून झोपू द्यायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला साळूबाई सांगायची, लग्नातबी असली मऊ गादी न्हाई मिळाली, ती चन्यावर मिळाली.

संध्या आणि राजानंद वसंताच्याच गावातले नवराबायको, रोजाने आलेले. तो पोती उचलायला, ती माल चाळायला. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून सहा वर्षांची पायल बरोबर होती. दुपारपासून पोरीच्या अंगात ताप होता. रोज ते तिघं ट्रकखाली झोपायचे. आता तिथून पाणी वाहत होतं.

संध्या ट्रकच्या मागच्या फाळक्याशी उभी राहिली. पोर खांद्यावर, डोक्यावर रिकामं पोतं. तिने फक्त पोरीपुरती जागा मागितली. आपण दोघं भिजलो तरी चालेल म्हणाली.

वसंता म्हणाला की ट्रक म्हणजे धर्मशाळा नव्हे. शिवाय माल बघायला माणसं येतात. दुपारीच पुढचा एक ट्रक मालात भुंगा निघाला म्हणून परत गेला होता. आता पोत्यांवर कोणकोण चढवायचं?

"कोणकोण म्हंजे रे कोण?" साळूबाई आतून बोलली. "लेकरू हाय ते. आन गं संध्या, दे वर. एकलीला करमत न्हाई मला."

पायल गादीवर गेली. साळूबाईने तिला कुशीत ओढलं, मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचली. वसंताने ताडपत्री खाली ओढली, दोर आवळले. थेंबभर पाणी आत येणार नाही इतके. संध्या बाहेर फाळक्याला टेकून उभी राहिली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं.

अर्ध्या तासाने आतून पोरीचा आवाज आला.

"आई, इथं लसणाचा वास येऊन राह्यला."

साळूबाईला वास आला नाही. चाळीस वर्षांच्या तपकिरीने तिचं नाक केव्हाच गेलं होतं. वसंता केबिनमधून उतरला. ताडपत्रीचा दोर चाचपला. मग म्हणाला, तापात लेकरांना काहीबी वास येतो.

थोड्या वेळाने पायल ओकली. गादीच्या कडेला, पोत्यावर.

वसंताने बॅटरी मारून पाहिलं आणि त्याचा तोल गेला. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलला. संध्याने साळूबाईकडे पाहिलं. म्हातारीने मघा पोरीला कुशीत घेतलं होतं, आता ती कपाळ दाबून बसली होती.

"ने बाई तिला," साळूबाई म्हणाली. "माझंबी डोकं उठलं ह्या कालव्यानं."

संध्याने पोर उतरवून घेतली. एक चप्पल वरच राहिली. ती मागायला संध्या थांबली नाही. राजानंदने बंद टपरीच्या पत्र्याखाली जागा केली होती. तिघं भिंतीला पाठ लावून बसले. पत्रा गळत होता. संध्या एकदाच बोलली. म्हणाली, हा दिवस मी विसरायची न्हाई.

वसंताने पोतं पुसलं. पोरीची जागा मोकळी झाली होती आणि तीन दिवस तो पाठ टेकून झोपला नव्हता. तो आईशेजारी आडवा झाला. आतून ताडपत्री ओढून त्याने दोराला गाठ मारली.

उजाडलं तेव्हा ऊन पडलं होतं. पायलचा ताप उतरला होता. ती चहा मागत होती आणि एका पायाने उड्या मारत होती. फाटकावरच्या भोंग्यातून एकशे बारा नंबर पुकारला. मग पुन्हा पुकारला. मागचे लोक ओरडायला लागले, वसंताच्या झोपेवर विनोद करायला लागले. गादीच तशी, कोण उठतंय, असं कुणीतरी म्हणालं.

बोलायचं तर नव्हतंच, पण चप्पल हवी होती. संध्या फाळक्यावर चढली. विळ्याने दोर कापला, ताडपत्री वर केली.

वास अजून होता. मच्छरदाणी तीन बाजूंनी बरोबर खोचलेली होती. चौथ्या बाजूने वसंताचा हात बाहेर आला होता, दोराच्या गाठीपर्यंत. चप्पल साळूबाईच्या उशाशी होती. ती घेताना संध्याचा हात म्हातारीच्या अंगठ्याला लागला. अंगठा गार होता.

मंगळवारी दुपारी चार वाजता, आई चहाला उतरली असताना, वसंताने पोत्यांच्या थरांमध्ये भुंगा मारायच्या, ओल लागली की लसणाच्या वासाचा विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या सरकवल्या होत्या.