सगळ्यांना तेच

हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून सासरे आपलं पथ्याचं जेवण खोलीतच जेवत. "मला भूक लवकर लागते," म्हणायचे. सुट्टीला सगळे जमले, तेव्हा सुनेने बेतच बदलला. भाजलेला लाल भोपळा, मसुराचं सूप, लोणी नाही, मीठ बेताचं; आणि सगळ्यांना तेच. सासऱ्यांनाही तिने टेबलाशी बसवलं.

पहिल्याच घासाला दीर म्हणाला, "वहिनी, मीठ विसरलीस की काय?"

तिचा चेहरा उतरला.

"जरा दम धर," सासरे त्याला म्हणाले. "पहिले चार घास जड जातात. मग भोपळ्याची चव कळायला लागते."

दिराने पान संपवलं, वर पुन्हा वाढून घेतलं.

जेवणं आटोपली तरी सासरे हलेनात. "बाबा, दमला असाल. खोलीत जाऊन पडा जरा," सून म्हणाली.

"बसू दे गं. वर्षभर भिंतीकडे बघत जेवलोय."