अजून एक जण

साहेबांनी भर ऑफिसात झापल्यावर लेक ढसाढसा रडली आणि कुणा सहकाऱ्याने त्याचा व्हिडिओ टोरंटवर, म्हणजे लोक आपापसांत फायली वाटतात त्या इंटरनेटवरच्या जाळ्यावर, सोडला. तेव्हापासून ती खोलीबाहेर आलेली नाही. बाबांनी तक्रारीला पुरावा म्हणून तो तिथून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, आणि अजून किती जण तो व्हिडिओ वाटताहेत हा स्क्रीनवरचा आकडा बघत कॉम्प्युटर रात्रंदिवस चालूच ठेवला. चारशेचे चाळीस झाले, चाळिसाचा एक झाला. तो एक मात्र हटेना.

“त्या मेल्याला लेकीबाळी नाहीत का?” बाबा घरी बोलावलेल्या कॉम्प्युटरवाल्यापाशी करवादले. “या टोरंटचं मुख्य ऑफिस कुठंय सांग, पाया पडतो त्यांच्या.”

“ऑफिसबिफिस नसतं, काका. जो उतरवून घेतो, त्याच्याच कॉम्प्युटरवरून ते पुढच्याला जातं.”

मग स्क्रीनकडे बघत तो हळूच म्हणाला, “काका, तो एक म्हणजे तुम्हीच.”