दोन्ही बाजू

"बर्फ वितळतोय की नाही? वीस सेकंदांत सांगा," निवेदिका म्हणाली.

बर्फवाल्या बाईंनी सांगितलं. ध्रुवावरच्या संशोधन तळावर त्यांनी सात हिवाळे काढले होते. समुद्रावरचा बर्फ किती जाड उरलाय, ते स्वतः भोकं पाडून मोजलं होतं. असंच चालू राहिलं तर चौदा वर्षांनी उन्हाळ्यात तिथं नुसतं पाणी दिसेल, असं त्या म्हणाल्या.

शेजारच्या खुर्चीतले प्राध्यापक हसले. "अहो, बर्फ येतो, बर्फ जातो. बाईंचं ऐकायचं तर आजच पोराबाळांना पोहायला घाला."

कॅमेऱ्यामागची मंडळीही हसली. पडद्यावर मथळा झळकला : 'तज्ज्ञांमध्ये दुमत'.

हे सहावं वर्ष. तेच दोघं, तोच मथळा. धुरावर मर्यादा घालणारा कायदा तेवढीच वर्षं सभागृहात भिजत पडला होता. दर अधिवेशनात मंत्री उठायचे आणि म्हणायचे, "तज्ज्ञांचंच एकमत नाही, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. मग घाई कशाला?"

बाई घरी आल्या तेव्हा आई टीव्हीसमोरच बसली होती.

"तू बोलतेस चांगलं," आई म्हणाली, "पण ते काय हसतमुख आहेत गं."

"आई, तुझा तरी माझ्यावर विश्वास आहे ना?"

आईनं जरा विचार केला. "माणसानं दोन्ही बाजू ऐकाव्यात," ती म्हणाली.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात नवा अहवाल घेऊन त्या स्वतःच मंत्रालयात गेल्या. म्हटलं, टीव्ही नको, वीस सेकंद नकोत. समोर बसून सांगू. दारावरच्या शिपायानं अहवालावरचं त्यांचं नाव वाचलं आणि लगबगीनं दार उघडलं. "जा ना मॅडम, बैठक तुमच्याच नकाशावर चाललीय."

आत मंत्री होते. जहाज कंपन्यांचे चार-पाच मालक होते. टेबलभर बाईंनी केलेला ध्रुवावरच्या बर्फाचा नकाशा पसरलेला होता आणि बर्फाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जहाजांच्या वाटेची लाल रेघ ओढलेली होती. नकाशावर ओणवे झालेले प्राध्यापक होते.

"बंदर बांधून बसायचं आणि बर्फ गेलाच नाही तर?" एका मालकानं विचारलं.

"जाणार," प्राध्यापक मान वर न करता म्हणाले. "बाईंचा आकडा आजवर एकदाही चुकलेला नाही."

मग त्यांचं दाराकडे लक्ष गेलं. ते चटकन उठले, त्यांनी बाईंसाठी खुर्ची ओढली आणि स्टुडिओत कधीच न दाखवलेल्या आदरानं विचारलं, "बऱ्या आलात. तुमच्या आकड्यापेक्षा बंदर दोन वर्षं आधीच तयार होतंय. बर्फ तोवर निघेल का हो?"